वखारीतील निवड आणि बांधणी : एका नव्या व्यवसायाचा परिचय

मालाचा साठा करणे आणि मागणीप्रमाणे तो काढून देणे हा व्यवहार आपल्याकडे नवा नाही. सुरत आणि राजापूर येथील परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारी इतिहासाच्या पुस्तकांतून सर्वांना परिचित आहेत. १९५७ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाच्या नावातही हा जुना शब्द टिकून आहे. हैदराबादच्या बेगम बाजारात किंवा नांदेड-लातूरच्या मोंढ्यात हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. तेथील कामाची वाटणी ठरलेली असे. दिवाणजीने चिठ्ठी वाचावी, हमालाने थप्पीतून पोते काढावे, तोलाईदाराने तोलावे आणि गाडीवानाने घेऊन जावे. ज्याने पोते उचलले त्याला चिठ्ठी वाचण्याचे प्रयोजन नसे, आणि ज्याने चिठ्ठी वाचली त्याच्या खांद्यावर ओझे येत नसे.

आजच्या मोठ्या गोदामात ही वाटणी मोडली आहे. तेथे ‘पिकर’ म्हणून काम करणारा तरुण मागणी वाचतो, जागा शोधतो, वस्तू ओळखतो, मोजतो, उचलतो आणि आपल्या कामाची नोंदही स्वतःच करतो. ‘पॅकर’ ती वस्तू पुन्हा तपासून बांधतो. दिवाणजीचे डोळे आणि हमालाचे हात एकाच माणसात एकत्र आले आहेत. या व्यवसायाकडे जाणाऱ्या होतकरू तरुणांना, तसेच त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांना व अधिकाऱ्यांना, या कामाचे स्वरूप नीट समजावे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

१. हैदराबाद आणि मराठवाडा

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हा हैदराबाद राज्याचा भाग होता. राज्यपुनर्रचनेने सीमा बदलली, तरी शिक्षण, औषधोपचार आणि रोजगार यांसाठी हैदराबादकडे जाण्याची वाट बंद झाली नाही. मनमाडहून सिकंदराबादला जाणारा रेल्वेमार्ग नांदेड, मुदखेड, उमरी, धर्माबाद, निजामाबाद, कामारेड्डी असा जात शहरात शिरण्यापूर्वी मेडचल स्थानकावरून जातो. हे मेडचल आज हैदराबादच्या परिसरातील गोदामांचे एक प्रमुख ठिकाण आहे. दक्षिणेस शमशाबाद आणि पश्चिमेस सोलापूरच्या महामार्गावरील पाटणचेरू ही अशीच आणखी दोन ठिकाणे होत.

या वाढीची कारणे स्पष्ट आहेत. मेडचल आणि शमशाबाद ही दोन्ही गावे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहेत. शहराभोवतीचा १५८ किलोमीटर लांबीचा बाह्यवळण मार्ग या सर्व ठिकाणांना जोडतो. मार्च २००८ मध्ये शमशाबादचा विमानतळ सुरू झाला. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. तत्पूर्वी आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्रीकर असल्याने अनेक कंपन्या प्रत्येक राज्यात लहान लहान गोदामे ठेवीत. नव्या करपद्धतीत हे प्रयोजन उरले नाही आणि थोड्या परंतु मोठ्या गोदामांकडे कल वाढला. फ्लिपकार्टने २०१५ साली मेडचल परिसरात आणि ॲमेझॉनने २०१७ साली शमशाबाद येथे मोठे केंद्र सुरू केले. यांपैकी शमशाबादचे केंद्र सुमारे ४ लाख चौरस फुटांचे होते.

एवढ्या विस्तीर्ण जागेत लाखो वस्तू असतात आणि मागणी एकेका नगाची असते. मोंढ्यातील हमाल एकाच मालाची शंभर पोती हलवीत असे. येथील कामगार शंभर निरनिराळ्या वस्तू एकेक करून गोळा करतो. कामाचे सारे तंत्र या फरकातून निर्माण झाले आहे.

२. मालाचा प्रवास

गोदामात माल ज्या क्रमाने फिरतो तो क्रम प्रथम समजून घेतला पाहिजे.

मालमोटार धक्क्याला लागल्यावर माल उतरवून चलानाशी ताडून पाहतात. नगसंख्या, मोडतोड आणि मुदतीचा दिनांक यांची तपासणी होऊन मालाची आवक नोंदवली जाते. त्यानंतर माल मांडणीच्या जागी लावला जातो. प्रत्येक जागेला पत्ता असतो. उदाहरणार्थ, ‘ब-०७-१२-ड-३’ या पत्त्याचा अर्थ ब विभाग, सातवी गल्ली, बारावे रॅक, ड फळी आणि तिसरा कप्पा असा होऊ शकेल. गावात घर शोधताना आपण आधी पेठ, मग गल्ली आणि मग घर शोधतो. हा क्रमही तसाच आहे.

येथे नवशिक्यास एक गोष्ट चमत्कारिक वाटते. किराणा दुकानात साबणाशेजारी साबण असतो. परंतु अनेक मोठ्या गोदामांत साबणाशेजारी पुस्तक आणि पुस्तकाशेजारी तवा ठेवलेला आढळतो. ही अव्यवस्था नसून हेतुपूर्वक केलेली योजना आहे. कोणताही रिकामा कप्पा वापरता आल्याने जागा वाया जात नाही, आणि शेजारी ठेवलेल्या वस्तू एकमेकींपासून स्पष्टपणे वेगळ्या असल्याने चुकीची वस्तू उचलली जाण्याचा संभव कमी होतो. मात्र अशा गोदामात स्मरणशक्ती उपयोगी पडत नाही. पत्ता हाच एकमेव आधार असतो. म्हणून एखादी वस्तू घाईने शेजारच्या कप्प्यात सारणे ही लहान चूक नव्हे. ती वस्तू गोदामात असूनही हरवल्यासारखी होते आणि पुढच्या पाळीतील सहकारी ती शोधत फिरतो.

पत्त्यावरून वस्तू काढण्याचे हे तंत्र सामान्य नागरिकासही पाहावयास मिळते. ऑगस्ट २०१८ मध्ये आयकिया या स्वीडिश कंपनीने भारतातील आपले पहिले दालन हैदराबाद येथे उघडले. तेथे ग्राहक वरच्या दालनात फर्निचर पाहून गल्लीचा व कप्प्याचा क्रमांक टिपून घेतो आणि नंतर खालच्या गोदामात जाऊन आपले खोके स्वतःच काढतो. अर्ध्या तासापुरता तो पिकरच झालेला असतो, आणि दुसऱ्या फेरीनंतर आपले पाय का दुखतात हे त्याला कळते.

मागणी आली की तिची यादी पिकरच्या हातातील स्कॅनरवर उमटते. तो सांगितलेल्या कप्प्याशी जातो, आधी कप्प्याचा आणि मग वस्तूचा बारकोड वाचतो, वस्तू क्रेटमध्ये ठेवतो आणि पुढे जातो. खाद्यपदार्थ व औषधे यांबाबत ज्याची मुदत आधी संपते तो नग आधी काढावयाचा, हा नियम आहे. क्रेट भरला की तो बांधणीच्या टेबलाकडे जातो. तेथून खोके वजनाच्या काट्यावर, तेथून गावनिहाय वर्गवारीस आणि शेवटी मालमोटारीत जाते.

३. घाई कोणाची करावी?

या व्यवसायात तासाला किती नग काढले याची मोजणी होते. त्यामुळे नवा कामगार साहजिकच हात भरभर चालवू लागतो, गल्लीतून धावू लागतो. हा मार्ग का चुकीचा आहे, ते थोड्या हिशेबाने पाहू.

गोदाम-व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत पिकरच्या वेळेची ढोबळ विभागणी दिलेली असते. तीनुसार निम्मा वेळ चालण्यात, पंचमांश शोधण्यात, सुमारे १५ टक्के प्रत्यक्ष वस्तू काढण्यात, १० टक्के पूर्वतयारीत आणि उरलेला इतर बाबींत जातो. म्हणजे ६० मिनिटांपैकी ३० मिनिटे चालणे, १२ मिनिटे शोधणे आणि केवळ ९ मिनिटे हाताचे काम होय.

आता समजा, एखाद्याने जिवाचा आटापिटा करून हाताचे काम ९ मिनिटांवरून ६ मिनिटांवर आणले. तासाला बचत झाली ३ मिनिटांची. दुसऱ्याने हात नेहमीच्याच गतीने चालवले. परंतु गल्ल्यांचा क्रम पाठ असल्याने आणि पत्ता नीट वाचल्याने शोधण्याचा वेळ निम्मा केला. त्याची बचत ६ मिनिटे झाली. चालण्याचे अंतर पंचमांशाने घटले तर आणखी ६ मिनिटे वाचतात. पहिला थकला आणि त्याच्या चुका वाढल्या; दुसरा थकला नाही, तरी चौपट वेळ वाचला. तात्पर्य, या कामातील वेग हा धावण्यातून नव्हे तर क्रमातून येतो.

हाच हिशेब व्यवस्थापकांनाही लागू आहे. चालण्याचे अंतर कमी करणे हे मुख्यतः कामगाराच्या हाती नसते. अधिक खपाचा माल बांधणीच्या टेबलांजवळ आणि कमरेच्या उंचीवर ठेवणे, यादी गल्ल्यांच्या क्रमाने देणे, चार-पाच मागण्यांचा माल एकाच फेरीत काढू देणे, पत्त्याच्या पाट्या ठळक ठेवणे, या गोष्टी आखणी करणाऱ्यांनी करावयाच्या असतात. मांडणी सदोष ठेवून कामगारास मंद म्हणणे म्हणजे ९ मिनिटांचा दोष शोधताना ४२ मिनिटांकडे डोळेझाक करणे होय.

४. अचूकतेचा हिशेब

शंभरात एखादी चूक क्षम्य आहे असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु प्रत्येक वस्तू ९९ टक्के अचूकतेने काढली आणि एका मागणीत पाच वस्तू असल्या, तर संपूर्ण मागणी बिनचूक जाण्याचे प्रमाण सुमारे ९५ टक्के राहते. म्हणजे वीस ग्राहकांपैकी एकाच्या घरी चुकीचे खोके जाते, ते परत येते, पुन्हा तपासले जाते आणि पुन्हा मांडले जाते. क्षणभराच्या दुर्लक्षापायी चार माणसांचे श्रम खर्ची पडतात.

यावर उपाय म्हणून बारकोडचा उपयोग होतो. जून १९७४ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात, ट्रॉय गावच्या एका दुकानात, च्युइंगमचे पाकीट या पद्धतीने प्रथम वाचले गेले. आपल्याकडील वस्तूंवर साधारणतः तेरा अंकी क्रमांक असतो. भारतातील जीएस१ संस्थेकडून घेतलेल्या क्रमांकांचा आरंभ ८९० ने होतो. यांतील शेवटचा अंक पडताळ्याचा असतो. तो कसा काढतात हे नमुन्यादाखल पाहू.

समजा पहिले बारा अंक ८९०१२३४५६७८९ आहेत. विषम स्थानांवरील अंकांची बेरीज ८+०+२+४+६+८ म्हणजे २८. सम स्थानांवरील अंकांची बेरीज ९+१+३+५+७+९ म्हणजे ३४. तिची तिप्पट १०२. एकूण १३०. ही संख्या दहाच्या पटीत असल्याने पडताळ्याचा अंक ०. आता कोणी हा क्रमांक हाताने भरताना ३४ ऐवजी ४३ लिहिले तर विषम बेरीज २७, सम बेरीज ३५ व तिची तिप्पट १०५, एकूण १३२ होते. पडताळ्याचा अंक ८ यावयास हवा, तो ० आहे. यंत्र क्रमांक नाकारते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात याव्यात. यंत्राने नकार दिला की तो आपल्या विरोधात नसून आपल्याला चुकीपासून वाचवण्यासाठी आहे. आणि दुसरे असे की, यंत्र क्रमांक तपासते, वस्तू तपासत नाही. एक नग दोनदा वाचून दोन नग मोजल्याचा देखावा झाला, किंवा बाटली आतून फुटलेली असली, तर यंत्राला ते कळत नाही. ते काम डोळ्यांचेच आहे.

५. बांधणीची कला

पॅकरपुढे आलेल्या वस्तूचा पुढील प्रवास त्याच्या डोळ्यांआड होणार असतो. खोके उतरेल, घसरेल, दुसऱ्या खोक्यांखाली दबेल. हे सर्व आधीच कल्पून ते बांधावे लागते.

पहिला निर्णय खोक्याच्या आकाराचा असतो. गरजेपेक्षा मोठे खोके म्हणजे अधिक कागद, अधिक भरण आणि अधिक भाडे. अनेक कुरिअर संस्था लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटीमीटरमधील गुणाकार ५००० ने भागून आकारमानाचे वजन काढतात आणि प्रत्यक्ष वजनापेक्षा ते अधिक असेल तर त्यावर भाडे घेतात. दीड किलोची वस्तू ४०×३०×३० च्या खोक्यात घातली तर भाडे ७.२ किलोचे पडते. तीच ३०×२०×१५ मध्ये मावली तर १.८ किलोचे.

यानंतरचे नियम थोडे पण अनुल्लंघ्य आहेत. जड वस्तू खाली व हलकी वर ठेवावी. काचेच्या वस्तूस सहाही बाजूंनी आधार द्यावा. केवळ वर बबल रॅप अंथरून भागत नाही. द्रव पदार्थ उभा ठेवून वेगळ्या पिशवीत बंद करावा. खोके बंद करण्यापूर्वी हलकेच हलवून पाहावे. आत काही सरकले तर भरण अपुरे आहे असे समजावे. मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर टेप लावावी. लेबल सपाट बाजूवर, सुरकुती न पडू देता लावावे. ते खोक्याच्या कडेवर दुमडले तर बारकोड वाचता येत नाही आणि चांगले बांधलेले खोकेही वाटेत अडकून राहते.

६. शरीर हे भांडवल

या कामात एका वेळचे ओझे बहुधा हलके असते, परंतु वाकणे, वळणे आणि चालणे दिवसभर चालते. म्हणून अपाय अपघाताने एकदम होतो त्यापेक्षा हळूहळू साठत जाऊन होतो. कंबर, गुडघा, खांदा आणि मनगट यांची दुखणी अशीच येतात.

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संस्थेच्या सूत्रानुसार, सर्व परिस्थिती अनुकूल असताना हाताने उचलण्याच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली जाते. परंतु ओझे शरीरापासून दूर गेले की ही मर्यादा झपाट्याने घटते. घोट्यांपासून हात २५ सेंटीमीटरवर असता २३ किलो, तर ५० सेंटीमीटरवर असता केवळ ११.५ किलो. एक वीत दूर धरल्याने ओझे शरीराला दुप्पट होते. म्हणून खोके अंगाशी धरावे. गुडघ्यात वाकून उचलावे. वळताना कंबर न पिळता पाय वळवावेत. आणि वरच्या फळीसाठी शिडी वापरावी, खालच्या फळीवर पाय देऊन चढू नये. जड नगास दुसऱ्या सहकाऱ्यास हाक मारणे यात कमीपणा नाही.

हैदराबादचा उन्हाळा कडक असतो आणि पत्र्याखाली उष्मा अधिक जाणवतो. लघवीला जाण्याचा वेळ वाचावा म्हणून पाणी न पिण्याची सवय काहींना लागते. ती अत्यंत घातक आहे. जो आकडा पाणी पिऊ देत नाही, तो आकडाच चुकीचा आहे असे पर्यवेक्षकांनी समजावे.

७. कागदपत्रे आणि हक्क

वस्तूंच्या नोंदी बिनचूक ठेवणाऱ्या कामगाराने स्वतःच्या नोंदींविषयी उदासीन राहू नये. गोदामातील पुष्कळ भरती कंत्राटदारांमार्फत होते. कंत्राटदार बदलतात, कामगार तोच राहतो. अशा वेळी जुन्या पावत्या हाच पुरावा असतो.

चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनुसार नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. जादा कामास दुप्पट दराने मोबदला आणि स्त्रियांच्या रात्रपाळीसाठी त्यांची संमती या तरतुदीही तीत आहेत. परराज्यातून स्वतःहून येऊन काम मिळवलेला कामगारही, वेतनाच्या ठरावीक मर्यादेत, ‘आंतरराज्य स्थलांतरित कामगार’ या व्याख्येत येतो. असे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत विहित अटींनुसार गावी जाण्यायेण्याच्या भाड्यापोटी वर्षातून एकदा एकरकमी रक्कम देण्याची तरतूद आहे. धर्माबादहून मेडचलला गेलेल्या तरुणास ही माहिती असणे अगत्याचे आहे.

भविष्यनिर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक एकच असावा. कंत्राटदार बदलला म्हणून नवा क्रमांक घेऊ नये. राज्य विमा योजनेत कामगाराचा वाटा १ जुलै २०१९ पासून वेतनाच्या पाऊण टक्का आहे. १४,००० रुपये वेतनावर हा वाटा १०५ रुपये होतो आणि भविष्यनिर्वाह निधीचा १२ टक्क्यांनी १,६८० रुपये. ही कपात पावतीवर दिसते, परंतु खात्यात जमा झाली की नाही हे दर तीन महिन्यांनी स्वतः पाहावे.

येथे आपल्या राज्यातील एक अनुभव स्मरणीय आहे. माथाडी व हमाल कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला आणि मंडळांमार्फत नोंदणी, मजुरी व कल्याण यांची व्यवस्था लावली. अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्या नेत्यांच्या संघटनकार्यामुळे ओझे वाहणाऱ्या माणसाची नोंद प्रथमच वहीत झाली. हा कायदा महाराष्ट्रापुरता असल्याने हैदराबादेत लागू होत नाही; परंतु ज्याची नोंद त्याचा हक्क, हा त्यातील धडा सर्वत्र लागू पडतो.

उपसंहार

लॉजिस्टिक्स क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने पिकर आणि पॅकर हे स्वतंत्र व्यवसाय म्हणून निश्चित केले आहेत, ही समाधानाची बाब होय. जे काम वाचन, मोजणी, पडताळा आणि शारीरिक श्रम यांचा मेळ घालते, त्यास अकुशल म्हणणे यापुढे उचित ठरणार नाही. मात्र कौशल्य म्हणून त्याला मान मिळावयाचा असेल, तर ते करणाऱ्याने क्रम शिकला पाहिजे आणि करवून घेणाऱ्याने माणसाची मर्यादा ओळखली पाहिजे. तरच संध्याकाळी खोके वेळेवर निघेल आणि ते बांधणारा कंबर ताठ ठेवून घरी जाईल.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील किराणा दुकानाची मांडणी पाहून प्रत्येक फळीला पत्ता द्या आणि दहा वस्तूंची यादी कमीत कमी चालण्याच्या क्रमाने लावा.
२. घरातील कोणत्याही तेरा अंकी बारकोडचा शेवटचा अंक झाकून तो गणिताने काढा.
३. तासाला काढावयाच्या नगांचे उद्दिष्ट ठरवताना व्यवस्थापकाने कोणत्या चार गोष्टी विचारात घ्याव्यात, ते सकारण लिहा.